खिडकीतले दोन मोडेम

"बरं. परवा पिऊ मंग पानी," असं म्हणून त्या बाईनं फोन ठेवला, आणि भारती भिंगारदिवे रिसीव्हर कानाला लावून तशीच बसून राहिली.

बाई चिडली असती तर भारतीला काही वाटलं नसतं. पाणीयोजनेच्या ऑफिसात चिडलेले फोन दिवसाला पाच-सात येतात आणि ते कसे पेलायचे हे नऊ वर्षांत तिच्या अंगवळणी पडलं होतं. फोन कानापासून बोटभर लांब धरायचा, समोरच्याचा दम संपेपर्यंत थांबायचं आणि मग म्हणायचं, नोंद घेतली. ह्या आवाजात मात्र चीड नव्हती. खडकवस्तीहून जनाबाई बोलते असं तिनं आधी नीट सांगितलं, मग म्हणाली, टाकी शनिवारपासनं कोरडी हाय, मोटार कवा चालू करनार. भारतीनं नेहमीचं उत्तर दिलं. टाकीतल्या पाण्याचा आकडा बघितल्याशिवाय मोटार चालू करता येत नाही, आकडा साहेबांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर येतो, साहेब डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला गेलेत, परवा येतील. बाईनं हे सगळं ऐकून घेतलं. मधे एक क्षण नुसताच गेला, बहुतेक ती मनाशी सोमवार, मंगळवार, बुधवार असं मोजत असावी. आणि मग तिनं ते कबूल केलं. तहान म्हणजे जणू पाटावर घडी घालून ठेवायची वस्तू, परवा उलगडली तरी चालेल. भारतीला वाटलं, आपण तिला काही सांगितलंच नाही. आपण फक्त एक शब्द तिच्या ओंजळीत टाकला, परवा, आणि तिनं तो मुकाट्यानं घेतला.

तिनं रिसीव्हर ठेवला आणि समोर पाहिलं. तिच्या टेबलापासून दहा पावलांवर वैजनाथ साहेबांची केबिन होती. अर्धी भिंत लाकडाची, वर काच. काचेपलीकडे खिडकीच्या कट्ट्यावर दोन मोडेम ठेवलेले होते, काळे, साबणाच्या वडीएवढे, प्रत्येकाला अंगठ्याएवढी एक दांडी. दोघांचे हिरवे दिवे लुकलुकत होते. योजना पाथर्डीच्या बाजूच्या अकरा गावांची, तिसगावच्या अलीकडची-पलीकडची, पण ऑफिस इथे भिंगारात, जुन्या दगडी इमारतीत. भिंती दोन हात जाड, आणि त्यांच्या आत मोबाइलला रेंज अशी कुठेच नाही, फक्त त्या एका खिडकीत आहे. प्रत्येक गावच्या टाकीवर एक डबा बसवलेला. ह्या मोडेमवरून त्याला मेसेज गेला की तो पाणी किती आहे ते उलट कळवतो. तो डबा ह्या दोन नंबरांनाच ओळखतो, दुसऱ्या कुणी विचारलं तर गप्प बसतो. वरच्या सहा गावांना एक मोडेम, खालच्या पाच गावांना दुसरा, आणि दोन्ही साहेबांच्या कॉम्प्युटरला जोडलेले. साहेब तो कॉम्प्युटर कधी बंद करत नसत. आत्ताही तो चालू होता, पंख्याची घरघर काचेतून ऐकू येत होती. म्हणजे विचारणारं यंत्र जागं, सांगणारा डबा जागा, आणि मधे पितळी कुलूप. किल्ली पुण्यात.

"छगनमामा, दुसरी किल्ली असंल ना?" तिनं विचारलं.

छगन हा ऑफिसचा जुना शिपाई, अडतीस वर्षं नोकरी झालेला. तो म्हणाला, "हुती की. साहेबांनी मागून घेतली. आपल्याकडं कशाला ठिवत्याल?"

तिनं साहेबांना फोन लावला. बंद. मग तिनं पंपघरावर लावला. तिथे भागवत असतो, मोटारी चालू-बंद करणारा. भला माणूस, पण गेल्या उन्हाळ्यात आकडा न बघता मोटार चालू ठेवल्यानं एक टाकी रात्रभर वाहिली होती आणि त्याला सगळ्यांसमोर बोलणी बसली होती.

"आकडा सांगा मॅडम, लगीच चालू करतो," तो म्हणाला.

"आकडा नाही माझ्याकडे. पण टाकी कोरडी आहे. तिथल्या बाईचा फोन होता."

"बाईच्या सांगन्यावर न्हाई करता येत. साहेबांचा मेसेज लागतो."

"साहेबांचा फोन बंद आहे, भागवत."

"मंग मी काय करू? मागल्या टायमाला माजं नाव झालं."

नाव. भारतीच्या डोळ्यांपुढे तो शब्द वेगळाच उभा राहिला. नऊ वर्षांत ह्या ऑफिसातल्या कुठल्याही कागदावर तिचं नाव आलेलं नव्हतं. कंत्राटी ऑपरेटरला सही नसते. तिनं टाइप केलेल्या पत्राखाली साहेबांचं नाव, तिनं बनवलेल्या तक्त्याखाली साहेबांचं नाव. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं, उलट सावलीत बसल्यासारखं निवांत वाटायचं. ती म्हणाली, "तुला मी लेखी पाठवते. माझ्या नावानं." ती अंगणात गेली, रेंज आली तसं मोबाइलवर लिहिलं: खडकवस्तीची टाकी रिकामी आहे. दोन तास मोटार चालू करावी. जबाबदारी माझी. भारती सहादू भिंगारदिवे. लग्नानंतर तिनं वडिलांचं नाव कधी लावलं नव्हतं. बोटांनी ते आपसूक टाइप केलं. पुसावं असं मनात आलं, पण तिनं पुसलं नाही.

मोटार चालू झाली. दुपारी भागवतनं तसं कळवलंही. काम झालं, आता विषय संपायला हवा होता. पण भारती टेबलाशी बसून त्या दोन हिरव्या दिव्यांकडे बघत राहिली आणि तिच्या कानात एक जुना आवाज सुरू झाला. टूं, टूं, टूं. एकसारखा, घाई नसलेला. हा आवाज तिनं स्वतः ऐकलेला नव्हता, तो तिच्या आईनं ऐकला होता, बावीस वर्षांपूर्वी. तरी तो भारतीच्याच कानात राहायला आला होता. भिंगारच्या बाजारात तेव्हा फैयाजभाईचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, पत्र्याच्या छताचं, आणि भारती तिथे पोरांना टायपिंग शिकवायची. दुकानात सहा कॉम्प्युटर, फोनची लाइन एक, मोडेम एक. आधी इंटरनेट एकाच मशीनवर चालायचं. गिऱ्हाईक उठलं की लाइन तुटायची, तेवढ्यात कुणाचा फोन यायचा असेल तर यायचा. मग फैयाजभाईनं कुठूनसं एक सॉफ्टवेअर आणून बसवलं आणि तोच मोडेम सहाही मशीनला वाटून दिला. ह्या टेबलावरचा माणूस उठला तरी त्या टेबलावरचा बसलेलाच. सकाळी लाइन लागली की संध्याकाळी शटर ओढेपर्यंत तुटत नसे, आणि तोवर बाहेरचा फोन आत येत नसे. बाजारात त्याचं फार नाव झालं. लोक उगाच बघायला यायचे, एका तारेतून सहा जण कसे काय जातात म्हणून. भारतीही अभिमानानं सांगायची, वाटून घेतलं की पुरतं.

तो गुरुवार होता. सहादू, तिचे वडील, कॅन्टोन्मेंटच्या एका डेपोत मजूर होते, पोती उचलता उचलता खाली बसले आणि उठलेच नाहीत. त्यांना नगरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. आई बरोबर होती. तिच्याकडे एका चिठोऱ्यावर दुकानाचा नंबर लिहिलेला होता आणि समोर फोनचा बूथ होता. दीड वाजता तिनं पहिल्यांदा लावला. टूं, टूं. मग परत. मग परत. त्याच वेळी भारती एका निवृत्त सुभेदारांना ईमेल कसा उघडायचा ते दाखवत होती. ते एका बोटानं एकेक अक्षर शोधत होते आणि ती हसून म्हणत होती, सावकाश, लाइन काही तुटत नाही. फोन तिच्या डाव्या हाताला होता, लाल रंगाचा, दुपारच्या उन्हाची एक तिरीप त्याच्यावर पडलेली. ते ऊन तिला अजून जसंच्या तसं आठवतं. साडेचारला शेजारचा माणूस सायकलवरून आला तेव्हा वडील जाऊन अर्धा तास झाला होता. कुणीच काही चुकीचं केलं नव्हतं. हेच तिला कधी पचलं नाही. सगळ्यांना मिळावं म्हणून केलेली एक चांगली गोष्ट, आणि तिच्यामुळेच एका हाकेला आत यायला वाट उरली नाही. त्यानंतर महिन्याभरात तिनं ते दुकान सोडलं. फैयाजभाईला कारण सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही.

घरी आल्यावर भाकरी थापता थापता तिनं आईला विचारलं. भिमाबाई आता सत्तरी ओलांडलेल्या, उंबऱ्याशी बसून मेथी निवडत होत्या. त्यांचं माहेर तिसगावच्या पुढचं. नळाला पाणी यायच्या आधी तोटीला कान लावून, हवा फुसफुसली की हंडा धरायचा, अशा गावातली पोर. "आई, त्या दिवशी तू किती वेळा फोन लावलास गं?" बावीस वर्षांत हा प्रश्न दोघींत कधी निघाला नव्हता. भिमाबाईंनी मान वर केली नाही. काडी वेगळी केली, पानं वेगळी केली. म्हणाल्या, "मोजलं न्हाई. दर येळंला वाटायचं, आता लागंल." मग जरा थांबून म्हणाल्या, "बूथवाला म्हनला, मावशी, लाइन बिजी हाय. म्या म्हनलं, बिजी हाय म्हंजे पोरगी कामात हाय. घडीभर बरं बी वाटलं मला." तव्यावरची भाकरी करपली तेव्हा वासानं भारती भानावर आली. तिनं ती उतरवली, करपलेली बाजू आपल्या ताटात ठेवली आणि त्याच क्षणी तिला कळलं की उद्या आपण फैयाजभाईकडे जाणार आहोत. ठरवलं असं काही नव्हतं. ठरलेलं आधीच होतं, तिला ते दिसलं फक्त.

फैयाजभाईचं दुकान आता बाजाराच्या दुसऱ्या टोकाला होतं, दुरुस्तीचं. दाढी पांढरी झालेली, चष्मा कपाळावर. त्याची बायको जहिरा गल्ल्याजवळ बसून चार्जरच्या वायरी गुंडाळत होती. भारतीनं सगळं सांगितलं. मोडेम खिडकीतून हलवता येत नाहीत, केबिन उघडी राहत नाही, आकडा काढायचा प्रोग्रॅम फक्त त्याच मशीनवर चालतो ज्याला मोडेम जोडलेला आहे. तो ऐकत होता आणि ऐकताना एक स्क्रू बोटांत फिरवत होता.

"जुनंच काम आहे," तो शेवटी म्हणाला. "मोडेम जिथं आहे तिथंच राहू दे. साहेबांच्या मशीनवर एक सॉफ्टवेअर टाकायचं, ते मोडेम सांभाळील. तुझ्या मशीनवर त्याचा जोडीदार टाकायचा. मधे ऑफिसची केबल आहेच. मग तुझ्या मशीनला वाटंल, मोडेम माझ्याच पाठीशी लावलाय. प्रोग्रॅमला फरक कळत नाही."

"आणि कुणीतरी मोडेम धरून बसलं तर?"

स्क्रू फिरायचा थांबला. जहिरानं एकदा वर पाहिलं आणि वायर गुंडाळत राहिली.

"रविवारी ये," फैयाजभाई म्हणाला. "दोन मशीन मांडून बघू. न बघता नको."

बुधवारी वैजनाथ साहेब आले, डोळ्यांवर काळा चष्मा. आल्या आल्या त्यांनी भागवतला आलेला मेसेज पाहिला आणि भारतीला आत बोलावलं. ते ओरडले नाहीत, ते ओरडणारे नव्हते. "आकडा न बघता आदेश दिलात," एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "आकडा बघायला मिळाला असता तर बघितला असता, साहेब." आणि तिथेच उभ्या उभ्या तिनं मोडेम वाटून घ्यायचं सांगितलं. साहेबांनी ऐकलं. मग टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला. "माझ्या मशीनवर बाहेरचं काही घालायचं नाही. अकरा वर्षं हे नीट चाललंय." नीट हा शब्द त्यांनी जरा जोरात म्हटला. बाहेर येऊन तिनं अर्ज टाइप केला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा स्वतःची सही केली. सही कुठे करायची हे बघायला तिला क्षणभर कागद फिरवावा लागला. अर्ज साहेबांच्या ट्रेमध्ये गेला. शुक्रवारी तिनं दुसरा अर्ज दिला, पहिल्याच्या तारखेचा हवाला देऊन. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो पहिल्याखाली सारला.

रविवारी दुपारी फैयाजभाईनं दुकानाच्या मागच्या खोलीत दोन जुनी मशीनं मांडली होती. मधे केबल, आणि एक मोडेम. पहिल्या मशीनवर त्यानं सॉफ्टवेअर टाकलं, मोडेमचं नाव दिलं, इतरांना वापरू द्यायचं म्हणून खूण केली. दुसऱ्या मशीनवर भारतीनं स्वतः केलं. पत्ता घातला, नाव निवडलं, आणि तिच्या मशीनच्या यादीत एक नवीन पोर्ट उगवला, मोडेम जोडायची जागा, प्रत्यक्षात कुठेच नसलेली. तिनं त्यावरून मोडेमला हाक मारली. उत्तर आलं, ओके. दोन अक्षरं. मग फैयाजभाईनं पहिल्या मशीनवरून मोडेम घेतला आणि म्हणाला, आता मार हाक. तिनं मारली. पडद्यावर आलं: पोर्ट वापरात आहे. तिनं पुन्हा मारली. वापरात आहे. आवाज काही नव्हता, नुसती अक्षरं होती, तरी तिच्या कानात टूं टूं सुरू झालं आणि ती खुर्चीतून उठली. खोलीत सोल्डरिंगचा जळका वास होता, भिंतीवर जुन्या मदरबोर्डांची रांग, आणि तिला वाटलं की आपण चूक करतोय. आपण परत तेच करतोय, सगळ्यांना द्यायला निघालोय आणि कुणालातरी बाहेर उभं करणार आहोत. जनाबाईच्या जागी उद्या दुसरं कुणी, कुलपाच्या जागी ही तीन शब्दांची ओळ.

"बस," फैयाजभाई म्हणाला. "ह्याच्यासाठीच बोलावलं होतं तुला." त्यानं सेटिंगची एक खिडकी उघडली. "तेव्हाच्या सॉफ्टवेअरलाही हे होतं. इतका वेळ काम नसलं की लाइन सोडून दे. मी ते शून्यावर ठेवलं होतं. शून्य म्हणजे कधीच सोडू नको. परत लावायला वेळ लागायचा, गिऱ्हाईक कटकट करायचं, म्हणून." तो पडद्याकडे बघूनच बोलत होता. "तुझे वडील गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी दुकानाला दुसरी लाइन घेतली. नुसत्या फोनसाठी. जहिराला विचार. तुला बोललो नाही. काय बोलणार होतो?"

बाहेर दुकानात जहिरा कुणाशीतरी बोलत होती. भारती परत बसली. ह्या माणसावर आपण बावीस वर्षं रागावलो होतो की नव्हतो, हे तिला नक्की सांगता आलं नसतं. राग होता तर त्याला धरायला जागाच नव्हती. आता दिसलं, तो माणूसही तेवढीच वर्षं एका शून्यापाशी उभा होता. सांत्वनाचं काही म्हणावं असं तिला वाटलं नाही. तिनं कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि त्या शून्याच्या जागी तीस लिहिलं. तीस सेकंद काम नसेल तर सोडून दे. मग खालची दुसरी खूण केली, मागणाऱ्याला परत पाठवू नको, रांगेत ठेव, मोकळं झालं की आपण होऊन दे. आणि पुन्हा हाक मारली. पडद्यावर आलं: प्रतीक्षा करा. पंचवीस, सव्वीस, ती मनात मोजत होती. आणि मग ओके. त्यांनी ते त्या दुपारी चौदा वेळा करून बघितलं. केबल काढून, मशीन बंद करून, दोघांनी एकदम मागून. जहिरानं आणलेला चहा दोनदा गार झाला.

सोमवारी ती तिसरा अर्ज घेऊन केबिनमध्ये गेली तेव्हा साहेब पडद्याला नाक लावून बसले होते. काळा चष्मा काढलेला, डोळा लाल, पाण्यानं भरलेला. डॉक्टरांनी पंधरा दिवस स्क्रीन बघू नका म्हणून सांगितलं होतं. "हे दोन आहे की सात?" त्यांनी विचारलं. तिनं अर्ज बाजूला ठेवला आणि प्लॅस्टिकची खुर्ची ओढून शेजारी बसली. अकराही टाक्यांचे आकडे तिनं वाचले, साहेबांनी ते वहीत उतरवले. वही जाड, कापडी बांधणीची, आणि मागच्या कपाटात तशाच दहा. अकरा वर्षांतली एकेक टाकी, एकेक दिवस, त्यांच्या तिरक्या, बारीक अक्षरात. हे सगळं मशीनमध्येही असतं, वहीची गरज नव्हती. तिच्या मनात पहिल्यांदाच आलं, की ह्या माणसाला मोडेमची राखण करायची नाहीये. त्याला दिवसातून दोनदा कुणीतरी विचारायला हवंय. दहा ते सहा ह्या खोलीत बसून अकरा गावांची तहान त्याला कळते, आणि ती आपल्याखेरीज कुणाला कळत नाही ह्याच्यावर तो उभा आहे. येत्या मार्चमध्ये ते निवृत्त व्हायचे होते.

"एकदा तुमच्या टेबलावर गेलं," साहेब पेन बंद करत म्हणाले, "की मला कशाला कोण विचारतंय."

तिला खोटं बोलता आलं असतं. विचारतील साहेब, तुम्हालाच विचारतील. ते तोंडाशी आलंही होतं. ती म्हणाली, "कमी विचारतील. पण साहेब, गेल्या सोमवारी मी एका बाईला परवा म्हणून सांगितलं. पाण्याला. आणि ती हो म्हणाली. मला ते परत सांगता येणार नाही. तुम्ही सांगाल का?"

साहेबांनी डोळा रुमालानं टिपला. तो ऑपरेशनचाच होता. ते खिडकीकडे बघत होते, म्हणजे त्या बाजूला तोंड करून होते. त्यांना किती दिसत होतं कोण जाणे.

"करा," ते म्हणाले. "पण माझं मशीन आधी. मी मागितलं की मला मिळालं पाहिजे."

"तसं होत नाही, साहेब. आधी ज्यानं मागितलं त्याला आधी. तुमचा प्रोग्रॅम आत्ता दिवसभर मोडेम धरून ठेवतो, तो पण सोडायला लावावा लागेल. तुमच्या मशीनलाही रांगेतून घ्यावं लागेल."

"मोडेम माझ्या खिडकीत. आणि मी रांगेत?"

"कधी कधी. अर्धा मिनिट."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवून तिच्यासाठी जागा केली. ती जागा फार नव्हती, एक माणूस तिरका बसेल एवढीच.

त्या कामाला दोन दिवस लागले. फैयाजभाई येतो म्हणाला होता, तिनं नको म्हटलं. पहिल्या दिवशी काहीच जुळलं नाही. तिच्या मशीनवर मोडेम दिसेचना. कारण शोधत ती भिंतीकडेनं केबलवर बोटं फिरवत गेली, मग एका जागी बसून विचार केला, आणि मग कळलं की साहेबांचं मशीन नव्यानं सुरू झालं की त्याचा पत्ता बदलतो. तिनं तो कायमचा एकच करून टाकला. मग मशीनचा पहारेकरी प्रोग्रॅम तिची हाक अडवत होता, त्याला तिची ओळख करून दिली. मग एक मोडेम मिळाला आणि दुसऱ्याचं नाव पहिल्यालाच लागलं, खडकवस्तीला विचारावं तर प्रश्न भलत्याच मोडेमकडे जाई आणि पडद्यावर नुसतं पांढरं. छगनमामा दारात उभा राहून बघत होता. "ताई, ऱ्हाऊ द्या आता, उद्या करा," तो म्हणाला. तिनं मान हलवली आणि काम चालू ठेवलं. तिला थकवा नव्हता. अंगात एक कोरडी, ताठ अशी शक्ती आली होती, जी तिच्या ओळखीची नव्हती. प्रत्येक चूक वेगळी होती आणि प्रत्येकीला कारण होतं, कारण सापडलं की ती बाजूला होत होती. आयुष्यातल्या ज्या एका चुकीशी ती बावीस वर्षं बोलत आली होती, तिला असं कारण नव्हतं, निदान असं वाटत होतं. आता तेही होतं. एक शून्य. एखाद्या माणसाच्या मरणाचं कारण म्हणून ते फारच लहान होतं, आणि खरं तर ते मरणाचं कारण नव्हतंच, ते फक्त तिला न कळण्याचं कारण होतं. वडील तसेही गेले असते. हे वाक्य तिनं ह्याआधी मनात येऊ दिलं नव्हतं. आता ते केबलची पिन बसवताना आलं, आणि ती पिन बसवत राहिली.

बुधवारी सकाळी साडेदहाला ती आपल्या टेबलाशी बसली. साहेब आत आपल्या खुर्चीत, दार उघडं. तिनं प्रोग्रॅम उघडला, वरच्या गावांची यादी निवडली आणि बटण दाबलं. काचेपलीकडे डावीकडच्या मोडेमचा दिवा लुकलुकायचा थांबला, एकसारखा पेटला आणि मग भरभर चमकू लागला. तिनं इथे बोट टेकवलं आणि तिथे ते यंत्र बोलू लागलं. पहिली टाकी आली. एक मीटर नव्वद. दुसरी आली. ती वहीत लिहीत होती, साहेबांच्यासारखीच वही, कालच छगनमामाकडून मागून घेतलेली. तिसरी टाकी निम्म्याच्या खाली होती. तिनं भागवतला फोन लावला, आकडा सांगितला, मोटार चालू कर म्हणाली. त्यानं नाव विचारलं नाही. चौथीचा आकडा यायला जरा वेळ लागत होता.

केबिनमध्ये खुर्ची करकरली. मग माउस टिचकावल्याचे आवाज, एकदा, दोनदा, आणि मग शांतता. तिनं मान वर केली नाही, पण तिला कळलं. त्यांनाही वरचीच गावं हवी होती.

"मॅडम," आतून आवाज आला. आवाजात तक्रार नव्हती, एक प्रकारचं कुतूहल होतं. "माझ्याकडे 'प्रतीक्षा करा' असं आलंय."

नेहमीची भारती लगेच उठली असती. तुमचं होऊ द्या साहेब, माझं मागून बघते. तिचे पाय तसे हललेही, चप्पल फरशीवर घासली. मग ती स्थिर बसली. चौथा आकडा आला, तिनं लिहिला. पाचवा आला. सहावा, खडकवस्तीचा, दोन मीटर पस्तीस. तिनं तो सावकाश लिहिला, खाली रेघ मारली आणि प्रोग्रॅम बंद केला. काचेपलीकडचा दिवा क्षणभर विझला.

"सोडली लाइन," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "घ्या साहेब आता."